उरलेल्या डोळ्याची शपथ

पोशेरा,
होळी झाल्यावरचा आठवडा

प्रिय करिष्मा,

मामाचा हात तुझ्या डोक्यावर आहे असं समज आणि मग पुढचं वाच. जेवण वेळेवर होतं का, झोप लागते का, हे आधी विचारतो. बाकीचं मागून येईलच. तुझा फोन लावला की नुसता वाजत राहायचा, हल्ली तर वाजतही नाही, म्हणून कागद घेतला. हेमंत जीप घेऊन ठाण्याकडे निघालाय, पाड्यावरची माणसं कामावर सोडायला. त्याच्या हाती देतो. त्याला बजावलंय, पार्लरच्या दारात उभा राहून गावातल्यासारखी हाक ठोकू नकोस, पोरीला बाजूला बोलाव आणि हातात दे. तो म्हणाला, तुळशीमामा, त्या काचेच्या दारातून मला आत तरी घेतील का. मी म्हटलं, आत जाऊच नको, तुझं तोंड बघून तुलाच खुर्चीत बसवतील. तो हसला. मला मात्र माझंच बोलणं नंतर लागलं.

माझं अक्षर तुझ्या ओळखीचं आहे, छापल्यासारखं सुटं सुटं. शाळेत कधी बसलो नाही. मुखवट्यांच्या लगद्यासाठी आणलेली रद्दी भिजवायच्या आधी वाचत वाचत शिकलो, म्हणून अक्षरही वर्तमानपत्राचं आलं. शिळ्या बातम्या खाऊन शहाणा झालेला माणूस, असं तुझी मामी मला म्हणते. चुका दिसल्या तर हसून घे.

इकडे सगळं ठीक असं लिहायची रीत आहे, पण आमचं अर्धंच ठीक आहे. मोहाची फुलं पडायला लागलीत. मामी उजाडताना टोपली घेऊन जाते आणि गुडघ्याला शिव्या घालत परत येते. बोहाड्याची सोंगं नाचवायचे दिवस जवळ आले म्हणून देवांचे मुखवटे माळ्यावरून खाली काढलेत. नरसिंहाची हनुवटी उंदरांनी खाल्ली, रावणाच्या नाकाला चीर गेलीय आणि देवीचा रंग धुराने काळवंडलाय. घरभर भिजलेल्या कागदाचा आणि चिंचोक्याच्या खळीचा वास सुटलाय, तुला आवडायचा तो. चंदनाचा उजवा डोळा होता तसाच आहे. म्हणजे दिसत नाही. पापणी आता उचलते, बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही डोळे सारखेच वाटतात. बाजारात एक बाई तर म्हणाली, काय टपोरे डोळे आहेत गं पोरीचे. पण उजव्या बाजूला माणूस येऊन उभं राहिलं तर तिला पत्ता लागत नाही. दोन भुवयांच्या मधे, जिथे ती सुई टोचली, तिथे खपली धरली होती. ती पडली आणि खाली काळसर डाग राहिला. पूर्वी तिथे खळगा होता, आता डाग आहे.

तुला आठवतं का बघ. सुकी गेली तेव्हा तू माझ्या कमरेलाही लागत नव्हतीस. माझी बहीण गेली आणि तिची पोर माझ्या लगद्याच्या पाटीपाशी येऊन बसली. रडली नाहीस. दोन्ही हात कोपरापर्यंत लगद्यात घातलेस आणि तशीच बसून राहिलीस. मामी म्हणाली, सर्दी होईल, उठवा तिला. मी म्हटलं, राहू दे, तिला गार वाटत असेल. त्या दिवसापासून कुणी विचारलं तर मला दोन मुली आहेत असंच सांगत आलो. चंदना आणि तू एका ताटात जेवलात, एका गोधडीत झोपलात, एकमेकींच्या झिंज्या उपटून पुन्हा एकमेकींच्याच गळ्यात पडून रडलात. मुखवट्यांच्या कामात मात्र तुमची वाटणी आपोआप झाली. तुझ्या बोटांना भरायचं कळायचं. कुठे गाल बसलाय, कुठे कपाळ आत गेलंय, ते तू डोळे मिटून नुसतं बोट फिरवून सांगायचीस, आणि चिमटीने लगदा उचलून असा भरायचीस की सांधा शोधून सापडायचा नाही. चंदनाचा हात रेषेचा. बुबुळं तीच काढायची, श्वास धरून, एका दमात. पाड्यावरची माणसं म्हणायची, तुळशीच्या देवीचे गाल करिष्माचे आणि डोळे चंदनाचे. मी आपला रंग कालवायचा धनी.

आपल्या कामाचा एक नियम होता, तो तुम्ही दोघी माझ्यापेक्षा कडक पाळायचात. भरलेलं ओलं असेल तोवर हलवायचं नाही. मुखवटा सावलीत उताणा ठेवायचा, वरून ओलं फडकं झाकायचं आणि त्याचा तो बसू द्यायचा. मधे हात लागला की तडा गेलाच. तू काठी घेऊन कोंबड्या हाकलत बसायचीस. मी जरा डोकावायला आलो तर मलाही त्याच काठीने हाकलायचीस. तो नियम आज लिहितोय, कारण हल्ली मला दुसरं काही सुचतच नाही.

चंदनाचा खळगा तिच्या रांगत्या वयातला. उखळाच्या काठावर पडली होती. वालाचा दाणा बसेल एवढा होता. तू तिला चिडवायचीस, देवाने तुला घडवताना बोट टेकवलं आणि उचलायला विसरला. तिलाही त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. मग अर्जुनशी तिचं लग्न ठरलं. पोरगा चांगला आहे, जव्हारला मोटारसायकली दुरुस्त करतो, नखं काळी आणि बोलणं मऊ. त्याने तिला शिरपामाळला नेलं, तिथे फोटो काढला. दुपारचं ऊन डोक्यावर, त्या खळग्यात सावली साचली. तो फोटो ती फोनवर दोन बोटांनी मोठा करून करून बघायची. फोटो मोठा केला की खळगाही मोठा व्हायचा. अर्जुनला दाखवला तर तो म्हणाला, कुठाय खळगा, मला तर दिसत नाही. एवढं सरळ उत्तर मिळालं, पण पोरीला पटलं नाही.

त्याच सुमाराला, सुगी आटपत आली तेव्हा, तू आलीस. तुझे ओठ बघून मामीने विचारलं, गांधीलमाशी चावली का गं बाय, चुना लावू का. तू पोट धरून हसलीस. म्हणालीस, मामी, इसका पैसा लगता है. मग सगळं सांगत बसलीस. आधी केर काढला, गिऱ्हाइकांचे कापलेले केस गोळा केले, मग भुवया कोरायला शिकलीस, मग तोंडाला लेप लावायला, आणि आता मॅडम गाला-ओठांत इंजेक्शनं टोचतात तेव्हा तू शेजारी ट्रे धरून उभी असतेस. बसलेलं तोंड त्याने भरून येतं, सुरकुती जाते, खड्डा जातो. मी म्हटलं, म्हणजे आमचंच काम की. तू म्हणालीस, हो मामा, अगदी तेच, फक्त तुमचं गिऱ्हाईक कुरकुर करत नाही. मला तेव्हा छाती भरून आल्यासारखं झालं. माझ्या पाटीपाशी बसलेली पोर ठाण्यात जाऊन माझंच काम करते, असं मी दोन-तीन जणांना सांगूनही आलो.

त्या दिवशी मी खोडाळ्याच्या बाजाराला रंग आणायला गेलो होतो आणि मामी खळ्यावर होती. दुपारी परत आलो तर चंदना ओटीवर उताणी, डोळ्यांवर ओलं फडकं, आणि तू तिच्या पायाशी. मी विचारलं, काय गं, हिला काय झालं. फडक्याखालून चंदनाच बोलली, बा, हात लावू नका, भरलंय, ओलं आहे, बसू दे. मी हसलो. म्हटलं, कोंबड्या हाकलू का. ती हसली नाही. मला वाटलं, हसायचीही बंदी असेल. तू तिचे पाय चेपत होतीस आणि मान वर करत नव्हतीस. मामी आली, तीही हसली, आणि आम्ही दोघं चुलीपाशी जाऊन हळू आवाजात बोलायला लागलो, पोरींचं काम बिघडू नये म्हणून. करिष्मा, त्या फडक्याखाली तेव्हा तिचा डोळा जात होता. सुईतलं औषध आत गेलं तशी डोळ्यामागे पहार घुसल्यासारखी कळ आली, उजवीकडचं सगळं काळं झालं आणि ओकारी आली, हे तिने मागाहून सांगितलं. ओकारी तू पुसलीस. घाबरून मॅडमना फोन केलास. त्या म्हणाल्या, होतं असं, सूज आहे, पडून राहायला सांग. आणि मग तुम्हा दोघींना आपला नियम आठवला. तू फडकं भिजवून आणलंस आणि ती मुखवट्यासारखी निजून राहिली. दुसऱ्या कुठल्या घरची पोर असती तर किंचाळत अंगणात आली असती. माझ्या घरची होती, म्हणून गुमान पडून राहिली.

तिन्हीसांजेला फडकं काढलं तर पापणी उचलेना आणि कपाळावर जांभळी जाळी उमटलेली. तरीही तिला वाटत होतं, सकाळी उतरेल. सकाळी तू पहिल्या गाडीने गेलीस. ड्यूटी आहे म्हणालीस. मामीने पुढे केलेला चहा तसाच राहिला. ओटी झाडताना मामीला कोपऱ्यात सुईचं टोपण सापडलं. तिने ते तळहातावर घेऊन माझ्यासमोर धरलं. मी बघितलं. तिने ते चुलीत टाकलं.

मोखाड्याच्या डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून बघितलं आणि उभ्याउभ्याच नाशिकला जायला सांगितलं. नाशिकचे डोळ्यांचे डॉक्टर वयाने अर्जुनएवढे, पण त्यांनी मला स्टुलावर बसवून समजावलं. म्हणाले, तोंडाच्या कातडीखाली रक्ताच्या ज्या वाटा आहेत, त्यातल्या काही आत जाऊन डोळ्याच्या वाटेला मिळतात. भुवयांच्या मधे आणि नाकाच्या दांडीवर तर त्या फारच जवळ. सुईचं टोक चुकून अशा वाटेत शिरलं आणि वरून दाबलं, की भरायचं औषध उलटं चढतं आणि डोळ्याची वाट बुजवतं. रक्त मिळालं नाही की डोळा थोडक्या वेळात विझतो. मी विचारलं, त्याच दिवशी आणली असती तर. ते म्हणाले, बाबा, माणसं चहा टाकून गप्पा मारत बसतात तेवढाच वेळ हातात असतो, आणि तोही जिथे डॉक्टर आणि औषध शेजारी तयार आहे तिथे. तरीसुद्धा बहुतेकांची नजर परत येत नाही. तुम्ही पोशेऱ्याहून उडत आला असतात तरी. माझी समजूत घालायला ते म्हणाले असतील. शिकलेल्या डॉक्टरांच्या हातूनही कधीकधी असं होतं, असंही सांगितलं. पण त्यांना कुठे टोचू नये ते कळतं, कधी थांबावं ते कळतं, आणि झालंच तर पुढे काय करायचं ते माहीत असतं. बघून बघून शिकायचं हे काम नव्हे, असं ते सहज बोलून गेले. कुणी बघून बघून शिकलं होतं ते त्यांना कुठे ठाऊक. मला ठाऊक होतं, म्हणून मी भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडे बघत राहिलो. आपण इतकी वर्षं तोंडं भरली, पण आपल्या लगद्याच्या खाली पुन्हा कागदच असायचा, पोरी. तिथे रक्त नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, औषध कुठलं होतं आणि टोचलं कुणी. चंदनाने पटकन सांगून टाकलं, खोडाळ्याच्या बाजारात एक अनोळखी बाई पेटी घेऊन बसली होती, तिने टोचलं, तिचं नावगाव माहीत नाही. इतकं सफाईने बोलली की क्षणभर मलाही ती बाई दिसली. गावातही तिने हेच सांगितलं आणि सगळ्यांनी त्या बाईला भरपूर शिव्या घातल्या. त्या नसलेल्या बाईला घातलेली प्रत्येक शिवी चंदना मान खाली घालून ऐकायची, जणू तुझ्या वाटची तीच झेलत होती.

परत येताना, त्र्यंबकच्या पुढे वळणं सुरू झाल्यावर, तिने माझा हात ओढून आपल्या डाव्या डोळ्यावर ठेवला. म्हणाली, बा, शपथ घ्या. करिष्माचं नाव कुणाला सांगणार नाही, असं म्हणा. ह्या उरलेल्या डोळ्याची शपथ. मी म्हटलं, दुसरी कसलीही घे, माझी घे, माझ्या ह्या हाताची घे. ऐकेना. म्हणाली, तिचं नाव निघालं तर पोलीस नेतील, तिला सोडवायला कोण जाईल, तिला आई आहे का. माझ्या तळव्याखाली तिचं बुबुळ फडफडत होतं, मुठीत धरलेल्या पाखरासारखं. घेतली मी शपथ. तुला कदाचित हसू येईल. देवीचं तोंड कसल्या रद्दीचं आहे ते माझ्याइतकं कुणाला माहीत नाही, आत कांद्याचे भाव असतात, हरवल्याच्या जाहिराती असतात. तरी बोहाड्याला ते तोंड माणसावर चढलं की मी हात जोडतो, आणि खोटे जोडत नाही. ही शपथ तशीच आहे. ती कसली बनलीय ते मला कळतं, पण मोडायला माझा हात धजत नाही.

आता घरातलं सांगतो. एका डोळ्याने दिसतं, पण अंतर कळत नाही, हे आम्हाला माहीत नव्हतं. ती तांब्यात पाणी ओतते ते बाहेर पडतं. पायरी असेल तिथे पाय आपटते, नसेल तिथे चाचपडते. मामी हल्ली तिच्या उजव्या अंगाने चालते, बोहाड्यात सोंग घेतलेल्या माणसाला दोघं दंडाला धरून नाचवतात ना, तशी. अर्जुन येतो. पहिल्यांदा आला तो उजवीकडे येऊन बसला आणि हिला कळलंच नाही. तो हळूच खाकरला. तेव्हापासून तो न चुकता फिरून डावीकडे बसतो. त्याच्या घरचे मात्र लग्नाचं बोलत नाहीत. पाऊसपाणी होऊ दे, मग बघू, म्हणतात. नाही म्हणत नाहीत, म्हणून भांडताही येत नाही. चंदना विचारत नाही आणि मी सांगत नाही.

परवा मी देवीचा मुखवटा तिच्यापुढे ठेवला. गाल मीच भरले, तुझ्यासारखे आले नाहीत. तिने कुंचला काळ्या रंगात बुडवला, श्वास धरला, आणि रेष ओढली ती हवेत. कुंचला मुखवट्यापर्यंत पोचलाच नव्हता. पुन्हा पुढे नेला तो एकदम आपटला आणि डोळ्याखालपर्यंत ओघळ गेला. मी म्हटलं, उद्या करू, आज उजेड कमी आहे. भर दुपार होती. ती ओलं फडकं घेऊन तो ओघळ पुसत बसली, रंग निघून खालचा कागद दिसेपर्यंत.

तुझ्यावर रागावलो का, असं तू मनात विचारत असशील. रागवायचा प्रयत्न केला. जमलं नाही. राग यायला लागला की ती लगद्यात हात घालून बसलेली पोर दिसते. हल्ली रद्दी फाडताना मी त्याच जाहिराती शोधतो. आधीचा चेहरा आणि नंतरचा चेहरा, दोन्ही शेजारी शेजारी, खाली फोन नंबर. डोळ्याचं कुठे एक अक्षर नसतं. मी सगळं वाचून मगच कागद भिजवणारा माणूस, आणि जे वाचायला हवं होतं ते कुणी छापलंच नव्हतं, किंवा छापलं असेल तर ते माझ्या पाटीपर्यंत आलं नाही. मग तुला तरी कुणी सांगितलं असेल, असं मी कसं धरू. तुझ्या मॅडमनी ट्रे धरायला सांगितला, तू धरलास. तू चंदनाला लग्नाची भेट द्यायला निघाली होतीस. तुझ्याजवळ दुसरं काय होतं द्यायला.

एवढं सगळं लिहिलं ते ज्याच्यासाठी, ते आता लिहितो. काल शेजारच्या लाडक्याची पोर फागी आली होती. तिचं वैशाखात लग्न आहे, तुला माहीतच आहे. फोन कानाशी लावून नाचत आली. तू तिच्या फोनवर पाठवलेला बोलता निरोप तिने आम्हाला ऐकवला. तू म्हणत होतीस, बोहाड्याला येते, सामान घेऊन येते, तुझं नाक सरळ करून देते. किती महिन्यांनी तुझा आवाज ऐकला, मामीने पदर डोळ्याला लावला. मी फागीला म्हटलं, बाय, तोंडात सुया घेऊ नको, चंदनाचं बघतेस ना. फागी हसली. म्हणाली, मामा, ताईला त्या बाजारातल्या भवानीने टोचलं होतं. करिष्माताई आपली आहे. चंदना तिथेच वरई निवडत बसली होती. तिचा हात सुपात थांबला. तिने मान पूर्ण वळवून तो एक डोळा माझ्यावर लावला, आणि मी गप्प बसलो. फागी गेली, गाणं म्हणत गेली. तिला थांबवेल असा एकच शब्द आहे, तो म्हणजे तुझं नाव, आणि ते माझ्या लेकीच्या डोळ्याखाली ठेवलेलं आहे. मला वाटतं तू हौसेने हो म्हणाली नसशील. नाही म्हटलं असतंस तर का ते सांगावं लागलं असतं, म्हणून हो म्हणालीस. रात्रभर विचार करून मला एवढीच फट सापडली, की तुला लिहिलं तर शपथ मोडत नाही, कारण तुला माहीतच आहे. म्हणून हे पत्र. ती सुयांची पिशवी आणू नकोस. फागीला तुझ्याच तोंडाने सांग, का ते सांग. मग रिकाम्या हाताने ये, ओटीवर तुझी जागा आहे, देवीचे डोळे अजून व्हायचेत, चंदना सांगेल तशी तू रेष ओढ. आणि पिशवी घेऊनच आलीस, तर मला फागीसमोर तोंड उघडावं लागेल, आणि त्या शपथेचं पुढे काय होतं ते मला रोज चंदनाच्या तोंडाकडे बघून बघावं लागेल. तेव्हा माझं तोंड उघडेल की नाही, हेही मला नक्की सांगता येत नाही. चंदना आत्ता येऊन माझ्या शेजारी बसली. तिला वाटतंय मी तुला बोहाड्याचं बोलावणं लिहितोय. म्हणाली, बा, तिला लिहा, आता अजिबात दुखत नाही. लिहिलं. तिन्हीसांजेला ती कपाळाला ओलं फडकं बांधून भिंतीकडे तोंड करून बसते, ते लिहायला तिने सांगितलेलं नाही.

तुझाच,
तुळशीमामा